जात, स्वभाव आणि वसाहत सोडण्याचे कारण

कागदावर 'जात' असा रकाना दिसला, की सहदेव मास्तर खुर्चीत सरळ होऊन बसत, पेनाचं टोपण काढत आणि ठसठशीत अक्षरात 'बौद्ध' असं लिहीत. छप्पन साली नागपूरला जाऊन आल्यापासूनचा हा त्यांचा शिरस्ता. शाळेच्या कागदावर लिहीत, रेशनच्या कागदावर लिहीत. एकदा तर रजिस्टर पत्राच्या पावतीवर असा रकाना नव्हता, तो त्यांनी हातानं आखून भरला. पोस्टमन म्हणाला, "मास्तर, इथं जात लागत नाई." मास्तर म्हणाले, "असू द्या. कधी लागली तर शोधायले नको." असा हा माणूस. तेव्हा चौसष्ट साली जे झालं त्यात दोष मास्तरांचा, असं निदान मी तरी म्हणणार नाही. छापणाऱ्यानं वरची ओळ नीट छापायला हवी होती.

अमडापूरच्या शिवारात मास्तरांचं दोन एकराचं बरड वावर होतं. त्यात त्यांच्या बायकोनं, जनकाबाईनं, जांबाची बत्तीस झाडं लावली होती. (पुण्याकडचे लोक जांबाला पेरू म्हणतात. म्हणोत बापडे.) सल्ला मास्तरांचा आणि पाणी जनकाबाईच्या डोक्यावर, अशी कामाची वाटणी होती. नाल्यापासून वावर दोन फर्लांग. पितळेचा गुंड डोक्यावर घेऊन पाच उन्हाळे ती बाई चालली. झाडं जगली, वाढली आणि दोन वर्षांपासून फुलूही लागली. पण फूल म्हणून जे यायचं ते आठ दिवसांत खाली. मागच्या साली सबंध बागेत अकरा जांब धरले, त्यातले सात पोपटांनी नेले.

दिवाळीत जनकाबाईनं सांगून टाकलं, "यंदाचा आंबिया, उन्हाळ्याच्या तोंडचा बहार पाह्यते. याही बहाराले फळ नाई धरलं तर मी कुऱ्हाड लावते. ज्वारी पेरू. ज्वारी पेरली का उगवते तरी."

हे बोलताना तिनं झाडांकडं पाठ केली होती. बायकोच्या मानेवर गुंडाच्या भारानं पडलेली वळी मास्तरांना रोज दिसायची, आणि हातातल्या खडूशिवाय आपण आयुष्यात काही उचललं नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. झाडं वाचवायची, मग काहीही करावं लागो, असं त्यांनी ठरवलं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारच्या कलाबाईनं सांगितलं, झाडाला जुनी वाहाण बांधा, नजर लागली आहे. कुणी म्हणालं मीठ टाका. बांधाला बांध लागून चाळीस एकराचे मालक उकंडराव, ते म्हणाले, "मास्तर, खोडात खिळा ठोका. झाड भिते अन्‌ फळते." मास्तरांनी एका झाडाला एक खिळा ठोकला, पण जनकाबाईचं तोंड बघून संध्याकाळी काढून घेतला.

मग एका शेतीच्या मासिकात त्यांना खरं कारण सापडलं. फुलाचं फळ होतं ते माशीमुळे, आणि माशी गावात राहिली होती कुठं? दोन वर्षांमागं एका लग्नात आग्या मोहोळ उठलं, नवरदेवाचं तोंड घोड्यापेक्षा मोठं झालं, आणि चिडून गावानं शिवारातलं मोहोळ अन्‌ मोहोळ जाळलं. राहिलं ते एकच, उकंडरावांच्या जुन्या विहिरीच्या कपारीत. त्याला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. पण त्या माश्या बांधाच्या अलीकडं फिरकत नसत.

"माशीलेही शिकवून ठेवलं का काय यानं?" मास्तर घरी येऊन म्हणाले.

मासिकात पुढं लिहिलं होतं, की जिल्ह्याच्या मधोद्योगाच्या कचेरीत पेटीतल्या माश्या मिळतात, अर्ज करावा. मास्तरांनी अर्ज मागवला. आला तो चक्रमुद्रित, वरचा मथळा शाई फुटून न वाचता येणारा, आणि त्याखाली प्रश्न. मास्तरांना वाटलं, अर्जदाराची माहिती विचारली आहे. आता सरकारनं अर्जदाराला काय विचारावं याला धरबंध नसतो, हे त्यांनी वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

जात : बौद्ध. संख्या : दोन. (मुलगी कोकिळा सासरी असते.) स्वभाव : शांत, मात्र अन्याय सहन होत नाही. चिडल्यास काय करतात : लेखी तक्रार. पूर्वीची वसाहत सोडली असल्यास केव्हा व कारण : १४ ऑक्टोबर १९५६, पूर्ण विचारांती. सध्याच्या निवाऱ्यास फट आहे काय : आग्नेय कोपऱ्यात, पावसाळ्यात गळते.

पुढचा प्रश्न वाचून मात्र ते थबकले. 'राणीचे वय.'

"तुह्यं वय इचारलं हाये," ते जनकाबाईला म्हणाले. "राणी म्हणते सरकार."

"मले? राणी काऊन?" जनकाबाईनं पिठाचे हात पुसत कागद उलटा धरून पाहिला. "अवो, हे माशीचं तर इचारून नाई राह्यले?"

"माशीचं वय कोण इचारते, जनका? बायकांले मान देऊन राह्यले आता. सुधारणा होऊन राह्यली." आणि त्यांनी लिहिलं : बेचाळीस. शेवटचा प्रश्न होता, 'राणी कामात आहे काय?' मास्तरांनी बायकोकडं एकदा पाहिलं आणि अगदी मनापासून लिहिलं : सतत.

महिनाभरानं उत्तर आलं. 'आपण नमूद केलेली "बौद्ध" ही जात या कार्यालयाच्या नोंदीत आढळत नाही. राणीचे बेचाळीस हे वयही अपवादात्मक दिसते. तरी सदर जातीचा एक नमुना, जिवंत अथवा मृत, बाटलीत घालून तपासणीसाठी पाठवावा.'

मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं. जात नोंदीत नाही म्हणतात! वर नमुना मागतात, आणि मेलेला चालेल म्हणतात! त्यांनी चार पानी उत्तर लिहायला घेतलं, राज्यघटनेची तीन कलमं घातली आणि दुसऱ्या पानावर 'बाटली' हा शब्द दोनदा अधोरेखित केला. तिसरं पान चालू असतानाच दारात सायकल थांबली. मधमाशी निरीक्षक अर्जुनराव स्वतः आले होते, साताऱ्याकडचे, पन्नाशीचे, हातात काचेची बरणी.

"नवी जात म्हणून म्हटलं आपणच जाऊन बघावं," ते घाम पुसत म्हणाले. "बेचाळीस वर्षांची राणी! अहो, आमची तीन वर्षांत आटोपते. कुठं आहे?"

"भाकरी थापून राह्यली," मास्तर म्हणाले.

त्यानंतर दोघांनी तो अर्ज समोर ठेवून ओळीनं वाचला. 'लेखी तक्रार'पाशी अर्जुनरावांच्या मिशा हलायला लागल्या. पण 'पूर्ण विचारांती' वाचल्यावर ते हसायचे थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, माफ करा. आमचा कागदच नीट नव्हता. वर 'आधीच्या माश्या असल्यास त्यांची माहिती' असं होतं, ते शाईत बुडालं." मग बरणी पिशवीत घालून ते जनकाबाईची झाडं बघायला गेले. परत येऊन म्हणाले, "पेटी तुम्हाला देतो. पण एक प्रयोग करणार का?"

प्रयोग असा. डोंगरातली माशी कामाला वाघ आणि स्वभावानं गाय, पण वऱ्हाडातलं ऊन तिला सोसत नाही. इथली ऊन सोसते, पण कामाला यथातथा आणि तोंडाळ. तर डोंगरी राणीची लेक आणि इथला नर, असा संकर करून बघायचा. धोकाही अर्जुनरावांनी लपवला नाही. "राणी लग्न करते हवेत. कुणाशी ते आपल्या हातात नसतं. संकरात दोन्हीकडचे गुण येऊ शकतात, दोन्हीकडचे दोषही. काय येईल ते निघाल्यावर कळतं, आणि नको ते निघालं तर परत घेता येत नाही. शिवारात पसरतं."

मास्तरांनी यातला 'संकर' हा शब्द तेवढा धरला. हा तर त्यांच्या मनातलाच विषय. आठवड्याभरात चौथीच्या मुलांना त्यांनी त्यावर दोन व्याख्यानं दिली.

पण इथला नर म्हणजे कोण? शिवारात नर होते ते उकंडरावांच्या विहिरीत. बातमी बांध ओलांडून गेली, आणि उकंडराव आले.

उकंडराव आणि मास्तर एका वर्गातले. म्हणजे उकंडराव वर्गात आणि सहदेव खिडकीबाहेर. पण गणित खिडकीबाहेरच्याला यायचं आणि आतला त्याचं बघून लिहायचा. हे दोघांच्याही पक्कं ध्यानात होतं आणि दोघंही त्याचं नाव काढत नसत. पुढं मास्तर उकंडरावांच्या ओसरीवर चहा घेत, कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपातून. छप्पननंतर त्यांनी तो चहा सोडला. पित्त होतं, म्हणाले. उकंडरावांनीही जास्त विचारलं नाही. दर साली पित्तावर म्हणून आवळे मात्र पाठवत राहिले.

"मास्तर," उकंडराव अंगणात उभे राहून म्हणाले, "माणसाचं जे चाललं ते चाललं. पण माशीची जात काऊन बिघडवून राह्यले?"

"जात बिघडत नसते, उकंडराव. मिसळते."

"मिसळली का बिघडली ते बाहेर काय निघते त्यावर हाये. माह्या इहिरीतल्या माशीनं सोयरीक कोठं करावी, हे मले इचारलं कोणी?"

आणि खरं सांगायचं तर हे दुसरं वाक्य सोडलं, तर उकंडराव तेच बोलत होते जे अर्जुनराव बोलले होते. मास्तरांना ते कळलं आणि म्हणूनच जास्त झोंबलं. प्रकरण पंचायतीत गेलं. ठराव झाला, की मास्तरांच्या माश्यांनी बांध ओलांडू नये. ओलांडल्यास मालकानं त्यांना परत बोलवावं. मास्तरांनी लेखी कळवलं : 'ठरावाची प्रत मिळाली. ती माश्यांना वाचून दाखवली आहे.' आणि ते खोटं बोलणारे नव्हते; पेटीसमोर उभं राहून खरोखरच वाचून दाखवली होती.

माघात डोंगरी लेक पेटीतून उडाली, सरळ बांधावरून विहिरीकडं गेली, आणि अर्ध्या तासानं सुवासिनी होऊन परत आली. होळीनंतर तिची प्रजा बाहेर पडली.

काय प्रजा ती! काम असं, की दिशा उजळायच्या आत फुलांवर. आणि ताप असा, की पेटीपासून दहा हातांवर कुणी शिंकलं तरी चालून येत. अर्जुनरावांना पहिल्याच दिवशी सहा डंख बसले. मलम लावायला म्हणून ते रजेवर गेले. मास्तर मच्छरदाणीचा बुरखा घालून जात, तर माश्या बुरख्यात शिरत आणि मग त्यांना बाहेरचा रस्ता सापडत नसे. नाकावर सूज घेऊन त्यांनी आठ दिवस पाढे शिकवले.

"म्हटलं व्हतं का नाई?" उकंडराव बांधावरून म्हणाले.

"तापटपणा तुमच्याकडचा हाये," मास्तर सुजल्या नाकातून म्हणाले. "आमच्याकडची माशी शांत होती."

"अन्‌ ऊन कोण सोसून राह्यलं? तुमची डोंगरातली?"

फुलं मात्र यंदा नुसती येऊन गळत नव्हती. पाकळ्या झडल्या तरी मागं एक हिरवी गाठ राहत होती, हरभऱ्याएवढी. जनकाबाई रोज एकेका फांदीखाली उभी राहून ती बघायची. मोजायची ती मनातल्या मनात. बोललं तर गळेल असं तिला वाटत असावं. अजून निम्मा बहार फुलायचा होता.

आणि इथं मास्तरांनी घोळ केला. काळजीपोटी ते रोज पेटीचं झाकण काढून आत बघायला लागले. राणी आहे ना, ऊन लागत नाही ना. जनकाबाईनं बजावलं, "अवो, रोज कोणी छप्पर उचलून पाह्यलं तर मीही घर सोडीन." बाराव्या दिवशी माश्यांनी सोडलं. चैत्रातल्या भर दुपारी, मास्तर शाळेत असताना, अख्खी पेटी उठली.

मास्तर छत्री घेऊन धावले. डोक्यावर माश्यांचा ढग, खाली मास्तर, मागं चौथीचा वर्ग, 'गुरुजी, डाव्या हाताले वळल्या!' असं ओरडत. बोरीच्या काट्यांत छत्री गेली, नाल्यात वहाण गेली. ढग बांध ओलांडून गेला, विहिरीवर घुटमळला, तिथं जागा नव्हती म्हणून उकंडरावांच्या घराकडं वळला आणि मागच्या खिडकीतून आत शिरला. स्वयंपाकघरात. तिथल्या मडक्यांच्या उतरंडीतलं एक मडकं कडेला फुटलं होतं. त्या मडक्यात राणी जाऊन बसली.

मास्तर पोचले तेव्हा उकंडरावांच्या हातात कडब्याचा पेटता टेंभा होता. "मास्तर, आता बोलू नका. घरात घुसल्या. जाळतो."

जनकाबाई तोवर वावरातून धापा टाकत आली होती. तिनं टेंभा बघितला आणि अंगणातच थांबली. इतकंच म्हणाली, "निम्मीच फुलं झाली वो अजून."

तेव्हा आतून उकंडरावांच्या मालकीण, मनकर्णाबाई, बाहेर आल्या. गावात मनकर्णाबाईंचा आवाज फारसा कुणी ऐकला नव्हता. त्यांनी नवऱ्याच्या हातातला टेंभा घेतला आणि रांजणात बुडवला.

"हे काय?" उकंडराव.

"पाच वर्सं झाली," मनकर्णाबाई म्हणाल्या. "रोज माह्या मागच्या दारावरून हिचा गुंड जाते. भर उन्हात. मी दारात बसून पाह्यते. एकदाही इचारलं नाई मी, बाई पाणी पेतं का. लाज वाटून राह्यली होती, म्हणून इचारलं नाई. माशा जाळान तर ते सारं पाणी मातीत जाईन. नाई जाळायच्या." मग मास्तरांकडं वळून, "मास्तर, या. पाहून घ्या त्याईले काय लागते ते."

मास्तर ओसरी चढले, पडवी ओलांडली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आले. तिथं त्यांचे पाय थांबले. ज्या माणसाचं पेन कुठल्याही रकान्यात थांबलं नव्हतं, त्याचे पाय थांबले. याच्या आत त्यांच्या बापानं, आज्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. मास्तरांना रडू येईल असं वाटायला लागलं. अशा वेळी बोलायचं एक वाक्य त्यांनी मनात फार वर्षांपासून तयार ठेवलं होतं, समतेबद्दलचं, चांगलं वजनदार. ते बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी एक माशी त्यांच्या मानेला कडाडून डसली.

"माय माय माय!" करत मास्तरांनी उडी मारली ती थेट उतरंडीपाशी.

पिढ्यान्‌पिढ्यांचा उंबरा असा ओलांडला गेला. उकंडराव हसले. आधी मास्तरांना राग आला, मग तेही हसले, आणि दोघं डोळे पुसत बराच वेळ हसत राहिले. मास्तर नेमके कशानं डोळे पुसत होते ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

माश्या हलवायच्या नाहीत, असं ठरलं. हलवल्या तर पुन्हा उठतील, आणि बहार तर ऐन भरात. स्वयंपाकघरातून खिडकीवाटे निघून त्या सरळ जनकाबाईच्या बागेत जात होत्या; त्यांचं बरं चाललं होतं. धूर नको म्हणून मनकर्णाबाईंनी चूल मागच्या अंगणात मांडली. उकंडरावांनी चैत्र-वैशाख उन्हात बसून, माश्यांना आणि मास्तरांना आलटून पालटून शिव्या देत भाकरी खाल्ली. त्यांना एकूण अकरा डंख बसले. पंचायतीत त्यांनी एकाचीही तक्रार केली नाही. मास्तर रोज शाळा सुटली की मडकं बघायला येत. लांबून बघत, झाकणाला हात न लावता. कारण नसलं तरी येत.

श्रावणात जनकाबाईच्या फांद्यांना टेकू द्यावे लागले. बत्तीस झाडं, एकही मोकळं नाही. कुऱ्हाड घेतली गेली ती टेकू तोडायलाच.

पहिली तोडणी झाली तेव्हा टोपलं भरून तिनं डोक्यावर घेतलं आणि मनकर्णाबाईंच्या मागच्या दारात आणलं. मास्तर आणि उकंडराव आतच होते, मडक्यावरून वाद घालत. मनकर्णाबाईंनी तिला आत बोलावलं, पाट दिला. जनकाबाई पाटाच्या कडेवर बसली आणि तिनं टोपलं पुढं सरकवलं. झाडाला फळ धरणं एक, आणि तिच्या हातचं या घरात कुणी तोंडात घालणं दुसरं. तसं आजवर कधी झालं नव्हतं. इतक्या उन्हाळ्यांत ती फळासाठी भ्यायली नव्हती एवढी या घडीला भ्यायली.

मनकर्णाबाईंनी वरचाच एक जांब उचलला. पदराला पुसला आणि कचकन चावा घेतला. चावत राहिल्या. तोंड जरा वाकडं झालं.

"बिया लय हायेत वो बाई याच्यात," त्या म्हणाल्या.

"त्याचं कारण असं," मास्तर पुढं सरसावले, "का माशीनं फूल नीट फळवलं म्हंजे बी जास्त धरते. आता संकराचा विचार केला तर..."

"चूप बसा वो," जनकाबाई म्हणाली. तिला हसू फुटत होतं. "दुसरा घ्या, मनकर्णाबाई. त्यात कमी असतीन."

मनकर्णाबाईंनी दुसरा घेतला. त्यातही तेवढ्याच बिया होत्या. मग त्यांनी तिसरा घेतला.